वाघाची बारस

एकदा काय झालं, डोंगराच्या पोटाशी एक वाडी होती. पाय आधी पांघरुणात घ्या, मग सांगते. हां. वाडीच्या वर रान, आणि रानाच्या तोंडाशी वाघाटीचा दांडगा वेल. त्याला लिंबाएवढी हिरवी फळं यायची, तीच वाघाटी. तेव्हा त्या वेलाला एकसुद्धा काटा नव्हता, बरं का.

आषाढी एकादशीला अख्खी वाडी उपास धरायची, आणि दुसऱ्या दिवशी वाघाट्याच्या भाजीनं बारस सोडायची. फळं सगळे तोडायचे, पण शेंड्याचं एक वेलावरच ठेवायचे. कोणासाठी? कळेल, घाई नको.

त्या वाडीत सगुणी नावाची सून होती. देशावरची, उघड्या माळावरची. तिला वाघाटी कुठली ठाऊक! सासू भिवराबाई तिला म्हणाली, "सगुणे, बारशीची वाघाटी घेऊन ये गं." शेंड्याचं ठेव, हे सांगायचं राहिलं. वाडीत ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं ना. सगुणी पडली हौशी. तिनं वेल पार शेंड्यापर्यंत ओरबाडला आणि ओचा भरून फळं आणली.

मग बारस उजाडली. भिवराबाईनं फळं फोडली, कडू बिया काढून टाकल्या, फोडी उकडून भाजी केली. सगळे जेवले, पातेलं निपटलं, आणि मंडळी भाताच्या लावणीला शेतावर गेली. सगुणी मागे राहिली. तिची तान्ही ठकी किरकिरत होती, तिला निजवून मग जेवू म्हणून तिनं आपलं ताट झाकून ठेवलं.

बाहेर हे एवढं धुकं. अंगणातली तुळस दिसेना. आणि धुक्यात कोणीतरी गुरगुरलं.

"माझं वाघाटं कुठाय?"

सगुणीनं डोकावून पाहिलं. कुंपणाशी वाघ. ओला, खंगलेला, डोळे निखाऱ्यासारखे.

"कालपासून उपाशी आहे," वाघ म्हणाला. "शेंड्याचं फळ माझं असतं. त्यावर मी बारस सोडतो."

सगुणी चुलीकडे धावली. तिनं कालची उकडलेली रताळी होती ती फेकली. वाघानं हुंगली न हुंगली. "वाघाटं दे," म्हणाला, आणि दोन पावलं पुढे आला.

मग सगुणीनं डालं उचललं आणि कोंबडी सोडली. वाघानं तिच्यावर पंजा ठेवला. कोंबडी निपचित. सगुणीनं डोळे मिटले. पण वाघानं पंजा उचलला.

"पारणं मांसावर सोडतात होय गं?" तो म्हणाला. "दिवस वर चढतोय. बारस टळली की माझा उपास मोडला. मग मला कसलाच विधिनिषेध नाही." आणि त्यानं उंबऱ्याआड हलणाऱ्या पाळण्याकडे पाहिलं.

सगुणीनं दार लोटलं, अडसर घातला, पाळण्याला मिठी मारून बसली. बाहेर नखं दारावर घासत होती. खर्रर्र. थांबली. पुन्हा खर्रर्र. मग काडकन अडसर मोडला आणि वाघ घरात आला. त्याच्या श्वासानं पाळणा हलू लागला. ठकी आपली गाढ झोपलेली, आईला वाटलं आता संपलं.

"फळं मी तोडली," सगुणी म्हणाली. "मला ने. लेकराला हात लावू नकोस."

"तुला नेऊन काय करू?" वाघ म्हणाला. त्याच्या जिभेवरून लाळ गळत होती. "वाघाटं आण. माझा धीर सुटत चाललाय, बाई."

सगुणी मागे सरकली. टाच झाकलेल्या ताटाला लागली, झाकण वाजलं. आणि तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. भीतीनं माणसाला समोरचंही दिसत नाही, खरंच सांगते. तिनं ताट पुढे सरकवलं. भाकरीशेजारी डावभर भाजी होती, तिच्या वाटणीची.

वाघानं भाजी चाटूनपुसून खाल्ली. डोळ्यांतला निखारा विझला.

"तिखट केलीय," तो म्हणाला. "आणि तू कशावर सोडणार?"

"माझी लेक राहिली," सगुणी म्हणाली. "सुटली माझी बारस." आणि ती रडायला लागली.

वाघ धुक्यात गेला.

संध्याकाळी मंडळी आली. सारवलेल्या जमिनीवर भिवराबाईनं पंजाचा ठसा पाहिला आणि धावत पाळण्याशी गेली. सगुणीनं सगळं सांगितलं. सासूनं तिला जवळ ओढलं. म्हणाली, "चूक माझी गं. तुला सांगायला हवं होतं मी." मग तिनं चूल पेटवली आणि सुनेला आधी जेवू घातलं.

दुसऱ्या दिवशी दोघी वेलाकडे गेल्या. बघतात तर काय, वेलभर काटे, आकडेबाज, अगदी वाघाच्या नखांसारखे. कोणी ठेवले असतील?

पुढच्या आषाढात सगुणीच वाघाटी तोडायला गेली. शेंड्याकडे हात नेला, तर काट्यानं पदर धरला. तिनं हळूच पदर सोडवला, शेंड्याच्या फळाला हात जोडले आणि घरी आली. ठकी मोठी झाली, तिला लेकी झाल्या, सगळी सुखानं नांदली. पण एक फळ वेलावर राहतं ते आजतागायत.

आता निजा. खिडकीशी खरखरतंय तो वारा आहे, पोरांनो. आणि वारा नसला, तरी आपलं शेंड्याचं मी ठेवलंय.