लिंबू, वाटी, कुलूप

“डोळे बरे झालेत म्हणतात, मग हिला दिसत का नाही, बुवा?”

मठाच्या ओट्यावर बसून तान्हाई रडत होती. तिची कौसा जन्मांध. सातव्या वर्षी तालुक्याला ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. डॉक्टर म्हणाले, पोरीला दिसतंय, पण दिसलेलं कळत नाही. शिकवावं लागेल.

शिकवायला पुढं सरसावला बुवांचा शिष्य व्यंकट. गडी विद्वान खरा, पण तोरा केवढा!

आठ दिवस तो कौसापुढं ताट मांडत होता. ताटात लिंबू, वाटी, कुलूप. पोरीचे हात सारखे ताटाकडं जायचे, म्हणून त्यानं ते चक्क उपरण्यानं बांधून ठेवले होते.

“लिंबू कुठलं? नुसतं बघून सांग.”

कौसानं डोळे गच्च मिटले. “नको मला! सगळं अंगावर येतं.”

“पुरे झालं!” तान्हाई ताडकन उठली. “आंधळी होती तेव्हा मला ओळखत तरी होती. आता बघते न् घाबरते. पट्टी बांधून घरी नेते मी हिला.”

“ने की,” बुवा म्हणाले. “पण तेव्हा ओळखायची कशी?”

“हातानं.”

...

बुवांनी वाकून उपरणं सोडलं.

“अहो बुवा! हात मोकळे ठेवले तर डोळे शिकणार कधी?” व्यंकट ओरडला.

बुवांनी ताट कौसाच्या हाताशी सरकवलं.

कौसानं मिटल्या डोळ्यांनीच ताट चाचपलं. लिंबू हाताला लागलं. तिनं ते नाकाशी नेलं, गालावर फिरवलं... आणि हळूच एक डोळा किलकिला केला.

“अगं बाई! लिंबू असं असतं?”

खाली ठेवलं. पाहिलं. परत उचललं. मग वाटी! मग कुलूप! मग उठली ती थेट आईच्या आवाजाकडं धावली. कपाळ, नाक, हनुवटी... बोटं हनुवटीखाली थांबली. तिनं दोन्ही डोळे उघडले.

“आई! तुझी चामखीळ दिसते मला!”

तान्हाईला हसू आवरेना न् रडूही आवरेना.

पोरगी अंगणात सुटली. खांबाला मिठी, गाईच्या कानाला हात. “हे काय? ते काय?”

“थांब, थांब, मी सांगतो!” व्यंकटलाही आता धीर निघेना. “कौसा, इकडं बघ, त्याला म्हणतात...”

बुवांनी उपरणं त्याच्या हातात ठेवलं.

“घे. आता हे तोंडाला बांध.”