भिवरा माळणीची शिंगवाली अळी

एक होता राजा, आणि हट्टी इतका, की सांगायची सोय नाही. त्याच्या बागेत एक झाड होतं, साऱ्या मुलखात एकुलतं एक. फुलं पांढरीशुभ्र, पण फुलाची नळी बोटभर लांब आणि मध पार तळाशी. फुलं यायची नि गळायची. फळ एक धरेल तर शपथ.

राजा म्हणाला, दसऱ्यापर्यंत फळ दिसलं नाही तर झाड तोडा आणि माळणीला वेशीबाहेर काढा. माळीण म्हणजे भिवरा. झाड तिनंच वाढवलेलं.

मग मधमाशी आली, तिची जीभ पोचेना. मग फुलपाखरू आलं, त्याचीही पोचेना. मग शिंजीर आला, लांब चोचीचा, मोठ्या ऐटीत. तोही हात हलवत परत गेला. पक्ष्याला हात कुठले म्हणा, पण गेला खरा.

इकडे अनंताच्या झुडपावर एक अळी आली. हिरवीगार, आणि शेपटीला शिंग, बरं का. बाकीचे माळी म्हणाले, चिरडून टाक. भिवरा म्हणाली, खाईना का, पानं पुन्हा फुटतील. मग एक दिवस अळी खाली उतरली, पाचोळ्यात शिरली आणि कोष करून झोपली.

दसरा दोन दिवसांवर आला. बाग खुरपायचा हुकूम सुटला. भिवरानं सगळी बाग खुरपली, अनंताचं बूड तेवढं सोडलं. राजानं जाब विचारला.

भिवरा म्हणाली, "महाराज, इथे लेकरू झोपलंय. ते आपणहून उठेपर्यंत मी खुरपं लावायची नाही. हाकलायचंच तर आज हाकला."

राजाला आजवर कुणी नाही म्हटलंच नव्हतं. 'दसऱ्याला बघतो,' म्हणत तो तरातरा निघून गेला.

दसऱ्याला सकाळी कुऱ्हाड आली, राजाही आला. तेवढ्यात पाचोळा हलला आणि एक पतंग बाहेर आला. पंखांवर करडी भुकटी. त्यानं पंख वाळवले, थरथरवले, तशी भुकटी झडली आणि पंख झाले काचेसारखे आरपार. पतंग रात्री उडतात ना? हा पठ्ठ्या भर उन्हात घूं करत निघाला. झाडापाशी आला, पण फुलावर बसलाच नाही. हवेतच उभा राहिला आणि गुंडाळलेली सोंड उलगडली. लांब, लांब, लांब, थेट तळाशी. मग दुसऱ्या फुलात, मग तिसऱ्या.

दिवस मावळायच्या आत तीन हिरवी फळं धरली. राजानं कुऱ्हाड आपल्या हातानं तळ्यात भिरकावली आणि सगळ्यांदेखत भिवराला हात जोडले. काय आनंद झाला तिला म्हणून सांगू.

ती म्हणाली, "महाराज, आता बाग कधी खुरपायची ते मी ठरवणार."

"ठरव बाई," राजा म्हणाला.

मग त्या फळांच्या बिया गावोगाव गेल्या, दारोदारी झाडं झाली, आणि राजा, भिवरा, सगळे सुखात राहिले. चला, पाय पांघरुणात घ्या आणि मिटा बघू डोळे.