लेणाईचा घाम

"मग देव आहेत की नाहीत, एवढंच सांगा."

"आहेत," भंते उपसेन म्हणाले.

हे उत्तर घाणेकरशास्त्र्यांना अपेक्षित नव्हतं. 'नाहीत' या उत्तराची त्यांनी वाटभर तयारी केली होती. तो एक शब्द वदवून घ्यायचा आणि म्हाताऱ्या भिक्षूला गावाबाहेर काढायचं, असं ठरवूनच ते सकाळी कडा चढून आले होते.

गावाने त्यांना मुद्दाम तालुक्याहून बोलावून घेतलं होतं.

कड्यात दोन लेणी होती. वरच्या लेण्यात जुना स्तूप होता. पूर्वेकडच्या कुठल्याशा मुलखातून आलेले भंते बारा वर्षांपासून तिथे राहत. खालच्या लेण्यात भिंतीत कोरलेली एक बाई उभी होती. कुणी कोरली, कशासाठी, कुणालाच ठाऊक नव्हतं. गाव तिला लेणाई म्हणे. शास्त्रीबुवांच्या घराण्याचीही ती कुलस्वामिनी.

त्या लेणाईला आठ दिवसांपासून घाम येत होता.

वैशाखातला कडा, हाडासारखा कोरडा. भिंत कोरडी, जमीन कोरडी. ओल फक्त मूर्तीच्या काखांत. सगुणा गुरवीण रोज सकाळी ती पुसायची, आणि दुपारपर्यंत पुन्हा पाणी ओघळायचं. घातलेला हार तासाभरात काळा पडायचा.

गावाने अभिषेक केले, कोंबडी कापली, नवस बोलले. फरक पडेना. मग कुणीतरी सांगितलं, की भिक्षू रोज दुपारी खाली उतरतो, लेणाईपुढे बसतो आणि हळू आवाजात तिच्याशी बोलतो. तेव्हापासून करणीची कुजबुज सुरू झाली होती.

शास्त्रीबुवा करणी मानत नव्हते. देव न मानणारा माणूस देवीच्या दारात बसतो, हेच त्यांना पुरेसं होतं. आणि आता हा माणूस म्हणत होता, देव आहेत.

"आहेत, तर तुम्ही त्यांच्याकडे काही मागत का नाही?"

"मरणाऱ्याकडे काय मागायचं, शास्त्रीबुवा?"

…

शास्त्रीबुवा चिडले नाहीत. वादात चिडायचं नसतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की यात नवं काही नाही. पुण्य सरलं की इंद्राचंही आसन जातं, ब्रह्मदेवालाही संध्याकाळ आहे, हे आमचे लोक केव्हापासून सांगत आलेत. पण देवांच्या पलीकडे जे जन्मत नाही आणि मरत नाही, त्याचं देव हे दार आहे. त्या दारातून जो आत गेला तो तेच होतो. तुम्ही दार काढून टाकलंत, घरही काढून टाकलंत. मग जागं होऊन माणूस जातो कुठे?

भंतेंनी सगळं ऐकून घेतलं. घराबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

त्यांच्या गुरूंनी सांगितलेलं तेवढं त्यांनी सांगितलं. देवांना सुख फार. सुखात कुणाला जाग येत नाही. म्हणून बुद्ध जागे झाले तेव्हा ते देवांकडे गेले नाहीत, देवच विचारायला त्यांच्याकडे आले. आणि देवाची वेळ भरत आली की पाच खुणा दिसतात. फुलं कोमेजतात. वस्त्र मळतं. काखांत घाम येतो. अंगावरचं तेज जातं. आणि शेवटी, स्वतःच्या आसनावर राहवत नाही.

शास्त्रीबुवा एखादी जुनी कथा ऐकावी तसे ऐकत होते. तिसऱ्या खुणेला त्यांची नजर खालच्या लेण्याकडे वळली.

"तुम्ही रोज तिला काय सांगता?"

"भिऊ नको म्हणतो. माझ्याकडे त्याहून जास्त काही नाही." भंते काठीच्या आधाराने उठले. "तुमच्याकडे असेल. चला."

उन्हं डोक्यावर आली होती. खालच्या लेण्याच्या उंबऱ्याबाहेर सगुणा गुरवीण पदर तोंडाशी धरून बसली होती. आज आत जायचा तिला धीर होत नव्हता. शास्त्रीबुवांनी तिला, "हो गं बाजूला," म्हटलं आणि ते वाकून आत शिरले.

सकाळचा झेंडूचा हार कोळशासारखा झाला होता. नव्या लुगड्यावर राख सांडल्यासारखे डाग होते. कित्येक पिढ्यांच्या तेलाने आणि हातांनी चकाकणारा तो चेहरा आता आजारी माणसासारखा मातकट दिसत होता. काखेतून निघालेली पाण्याची बारीक रेघ कमरेपर्यंत आली होती.

नेहमीच्या सवयीने शास्त्रीबुवा पायांवर डोकं ठेवायला वाकले. आणि तसेच थांबले.

लेणाईची दोन्ही पावलं पीठावर सपाट टेकलेली होती, हे ते लहानपणापासून पाहत आले होते. आता डाव्या पायाची टाच वर उचललेली होती. बोटभर. खालून उजेड दिसत होता.

भंते त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले.

"चाळीस वर्षं तुम्ही शिष्यांना शिकवलंत, की तू जन्मला नाहीस आणि तू मरणार नाहीस. आज तिला सांगा."

शास्त्रीबुवांनी तोंड उघडलं.

…

हे वाक्य त्यांच्या तोंडून हजार वेळा निघालं होतं. ऐकून शिष्य उठायचे, हातपाय धुऊन जेवायला बसायचे. इथे ऐकणारीला वेळ नव्हता. मूर्ती आपल्याकडे पाहतेय असं त्यांना वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच. कुणीतरी अगदी जवळ, नीट ऐकू यावं म्हणून, श्वास रोखून धरला आहे.



…

"आई," ते शेवटी म्हणाले, "मला माहीत नाही. मी फक्त पाठ केलंय."

रोखलेला श्वास सुटला. तो त्यांना ऐकू आला. आपलाच असावा, असं ते स्वतःला सांगू लागले. पण त्यांचा स्वतःचा श्वास अजून आतच होता.

मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि मूर्तीच्या काखा पुसल्या. शेवटच्या दुखण्यात त्यांनी आपल्या आईला पुसलं होतं, तसंच, कापड चार पदरी करून, दाब न देता. पाणी कोमट होतं.

त्यांनी मंत्र म्हटला नाही. लेणाईच्या पावलावर हात ठेवून ते बसून राहिले. भंतेही बसून राहिले. भंते मधूनमधून तेच दोन शब्द म्हणत, आणि पुढे पुढे शास्त्रीबुवाही म्हणू लागले. भिऊ नको… भिऊ नको…

ऊन सरकत सरकत मागच्या भिंतीवर चढलं. तेव्हा हाताखालचं पाऊल गार पडायला लागलं. आधी बोटं, मग चवडा, मग घोटा. हे गार पडणं शास्त्रीबुवांच्या ओळखीचं होतं. शेवटी हाताखाली नुसता दगड उरला. त्यांनी खाली पाहिलं. दोन्ही टाचा पीठावर टेकलेल्या होत्या.

बाहेर बसलेल्या सगुणेला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती आपणहून उठली, डोळे पुसले, आणि उद्यापासून दिवा लावू की नको, असं तिने विचारलं.

"लावा, बाई," शास्त्रीबुवा म्हणाले.

तेवढ्यात गावचे येसाजी पाटील आणि चौघं-पाचजण काठ्या घेऊन वर आले. संध्याकाळ झाली तरी शास्त्रीबुवा भिक्षूला घेऊन उतरले नाहीत, म्हणून गाव अस्वस्थ झालं होतं. पाटलांनी विचारलं, करणी याचीच ना?

शास्त्रीबुवा उंबऱ्यात उभे राहिले. भंते त्यांच्या मागे होते.

"आठ दिवस ती मरत होती," ते म्हणाले. "आपण सगळे तिच्याकडे मागत होतो. हा एकटा तिच्याजवळ बसला होता."

पाटलांनी आत डोकावून पाहिलं. कोरड्या दगडाकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग काठी काखेत धरून त्यांनी हात जोडले. मूर्तीला की भिक्षूला, ते त्यांनाही कळलं नसावं. माणसं आली तशी उतरून गेली. सगुणाही गेली.

कड्यावर दोघंच उरले. खाली गावात चुली पेटत होत्या. कुठल्याशा घरातून तान्ह्या मुलाचं रडणं वर येत होतं. नेमकं कुठून, ते कळत नव्हतं.

सकाळपासून शास्त्रीबुवांनी भंतेंना एकदाही महाराज म्हटलं नव्हतं.

"महाराज, ती कुठे गेली?"

"जिथून जागं होता येतं, तिथे."

"म्हणजे माणसांत?"

भंतेंनी होकारार्थी मान हलवली.

"कुणाच्या घरी? ओळखू कशी मी तिला?"

…

"हात जोडायची सवय मोडू नका, शास्त्रीबुवा. फक्त, कुणापुढे जोडायचे हे आता तुम्हाला निवडता येणार नाही."