धगीच्या माळावर बोट करत न्हाईत

बसा. त्या कट्ट्यावर नगं, त्यो दुपारपत्तूर तव्यागत तापतो. गेल्या उन्हाळ्यात पुन्याची एक बाई बसली आन दोन दिस उभ्यानं जेवली. मी सांगनारच हुते तिला, पर म्हनलं बसती का बगू.

तर ह्यो धगीचा माळ. नगरपालिकेच्या कागदावर आनंदनगर. पेपरवाले वाळवंट म्हनत्यात, पर वाळवंटात उंट तरी आसत्यात, हितं निस्ती रो-हाऊस हाईत. सुट्टीत तुमच्यावानी पावनी लई येत्यात, म्हनून सांगते. मे म्हैन्यात आलात तर न्ह्यारीच्या आत काय हिंडायचं ते हिंडून घ्या, डोईवर ओला पंचा ठिवा. गच्चीवर कुरडया वाळत आसल्या तर वलांडू नगा, बचत गटाच्या बाया तंगडी मोडत्यात. दिवाळीत आलात तर हवा गोड आसती. पर कवाबी या, हितं कुनाला रस्ता इचारलात तर त्यो बोट करून दावनार न्हाई. चप्पल घालंल आन तुमच्या संगं चालत येल. दवाखाना आसू दे, किराना आसू दे. बाईचं दूध चुलीवर आसलं तर ती दूध उतरवंल आन येल. नगरपालिकेनं बानाच्या पाट्या ठोकल्या हुत्या, आमी त्येंला चुना फासला. ए चश्मेवाल्या, त्यो फोनमदला बान आदी खिशात घाल. म्हाताऱ्या दारं लावून घेत्यात.

ह्ये आसं का, तर त्येची गोष्ट सांगत्यात.

हितं घरं नव्हती तवा मूठभर खोपटी हुती, मदी एक लिंबाचा पार, आन कोसभर लांब खडकाच्या कपारीत एक झरा. झरा कसला, कळशी भरूस्तवर बाईनं सगळं माहेर आठवून घ्यावं येवढी धार.

वस्तीत धुरपदा म्हनून बाई हुती. लई मस्करीखोर. पावन्याच्या खिरीत मीठ टाकायची, पोळीत कापूस भरायची, झोपल्या जावयाच्या मिशीला गूळ लावायची. वस्ती तिच्यावर खूश. उन्हाळा काढायचा तर हसायला काय तरी लागतंच की. तिची सून राही. लगीन हून आल्यापास्नं राहीनं माहेर बगितलं नव्हतं. कारन सोपं हाय. राही गेली तर झऱ्यावरनं पानी कोन आननार? धुरपदा? दर सनाला राहीनं इचारावं आन धुरपदानं म्हनावं, "तुजा मुराळी येऊ दे की गं न्ह्यायला. मी काय धरून ठिवलंय?" मुराळी म्हंजी बहिनीला माहेरी न्ह्यायला येतो त्यो भाऊ. तुमच्यात आता गाडी बोलावत्यात.

तर एका आखितीला मुराळी आला.

आखिती तुमास्नी ठावं हाय ना? अक्षय्य तृतीया. त्या दिशी मेलेल्यांच्या नावानं पान्यानं भरलेली घागर दान देत्यात. त्या दिशी भर दुपारी राहीचा भाऊ, सिदू त्येचं नाव, चालत चालत पारापाशी आला. व्हट फुटलेलं, पाय फोडांनी भरलेलं, खांद्यावर गाठोडं. समदी वस्ती पारावर सावलीला बसली हुती. राही तेवढी घरात पोळ्या लाटत हुती.

सिदू म्हनला, "रामराम. राहीचा भाऊ मी. आक्काला न्ह्यायला आलोय. वाईच पानी द्या."

धुरपदानं त्येला वरनं खाली बगितलं. म्हनली, "आरं पावन्या, सनाच्या दिशी आसल्या धुळीच्या पायानं उंबऱ्यात येतोस व्हय? ते बग तळं. जा, हातपाय धू, पोटभर पी. गाठोडं ठिव हितंच. तवर मी राहीची येनी घालते."

आन तिनं बोट केलं.

तिकडं माळावर दुपारची झळ हालत हुती. आमी रोजच बगतो ते. लांबनं बगितलं तर निळंशार तळं, काठाला झाडं, झाडांची सावली सुदीक. आमचं शेंबडं पोरगं बी फसत न्हाई. पर सिदू नदीकाठचा. त्येच्या मुलखात जे पान्यासारकं दिसतं ते पानीच आसतं.

त्यो निगाला. थोडा गेला की तळं म्होरं सरायचं. त्येनं मागं वळून बगावं, आन पारावरच्या सगळ्यांनी हात वर करून बोट करावं, "म्होरं! आजून म्होरं!" बाया पदरात तोंड घालून हसत हुत्या. राहीचा नवरा बी तितंच हुता, त्यो बी हसला. सिदू मरावा आसं कुनाच्याच मनात नव्हतं, म्हनत्यात. मनात काईच नव्हतं. निस्ती गंमत.

हसू आयकून राही दारात आली. हाताला कनिक. "काय झालं वो आत्याबाई?"

"काय न्हाई गं. एक येडं झळंच्या पान्यामागं लागलंय. ते बग."

राहीनं बगितलं. झळंत एक मानूस, मुंगीयेवढा, हालनारा. त्यो वळला. वस्तीनं बोटं केली. राहीला त्या वस्तीत आजवर कुनी हसन्यात घेतलं नव्हतं. आज पयल्यांदा कुनीतरी सरकून जागा दिली. ती बी हसली, आन कनकेचा हात वर करून तिनं बी बोट केलं.

मानूस म्होरं गेला. परत वळला न्हाई. मंग सगळी उठून जेवायला गेली.

ऊन उतरल्यावर राही पार झाडायला गेली, तवा तिला गाठोडं घावलं. गाठ तिच्या आईच्या हातची. आत हिरव्या बांगड्या, खन, आन आईनं तळलेल्या गोड कापन्या, वाटंत मोडू नयेत म्हनून भावानं आपल्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळलेल्या.

ती कळशी घेऊन पळत सुटली. सिदू घावला तितं, जितं तळं दिसतं. गुडघ्यावर वाकलेला, वंजळ तोंडाशी, आन तोंडात माती. त्यो प्याला हुता म्हनं. राहीनं कळशी त्येच्या तोंडावर उपडी केली. आखितीची घागर दिली तिनं, आनखी काय.

ती रडली न्हाई. दुसऱ्या दिशी लोक उठले तर राही झऱ्याच्या कपारीत बसलेली, मांडीवर इळा. आपलं उजव्या हाताचं बोट तिनं तोडून समोर खडकावर ठिवलं हुतं. म्हनली, "माजं मी दिलंय. तुमी आपापलं द्या आन कळशी भरा. ज्येनं बोट केलं न्हाई, त्येला पानी फुकाट."

आसं एकच मानूस निगालं म्हनं. एक आंधळी म्हातारी.

आदी लोक हसले. मंग बाप्ये तिला वढून काडायला गेले, तर झरा आटून गेला. तिला सोडली की परत वाहायला लागला. तवा हसू थांबलं. सांजंपत्तूर ल्हान लेकरं रडायला लागली आन मोठी मानसं इळा धुंडायला. पयला तिचा नवरा आला. तिनं नवरा म्हनून डोईवरचा पदर सारका केला, आन बोट घिऊन कळशी भरून दिली. मंग एकामागं एक समदी आली, हाताला फडकी बांधून गेली. कुनी घासाघीस केली न्हाई.

धुरपदा मातर धुरपदाच. तिनं पिठाचं बोट केलं. तेलात मळलं, पानी कुटं हुतं? कांद्याच्या पापुद्र्याचं नख लावलं, वरनं कुंकू. हात पदरात दडवून गेली, आन विव्हळली तर इतकी ग्वाड की झाडावरचं पाखरू रडावं.

राहीनं ते बोट फिरवून फिरवून बगितलं. "नख लई सुबक झालंय, आत्याबाई," म्हनली, आन कळशी काठोकाठ भरून दिली.

धुरपदा वाटंनं हसत आली. कळशी कंबरंवर जड लागत हुती, पानी आत डुचमळत हुतं. घरात येऊन वतली, तर धूळ. दुसऱ्या दिशी तसंच, तिसऱ्या दिशी तसंच. झऱ्यावर भरल्याली, घरात कोरडी. लेकानं आपली कळशी तिच्या हाताला लागू दिली न्हाई. शेजारनीकडं वाटीभर मागितलं तर शेजारीन म्हनली, "मावशे, एक वाटी म्हंजी माज्या बोटाचं एक पेर. तू काय देतीस?"

शेवटी तिची जीब सुजली, डोळ्याम्होरं अंधारी आली. झऱ्याची वाट सुदीक सुदरंना. चाचपडत पारावर आली आन म्हनली, "बायांनो, पानी कुनीकडं हाय गं?"

सवयीनं सगळ्यांचे हात वर झाले. निस्त्या मुठी. दिशा दावायला कुनाकडं काय उरलंच नव्हतं. आन उठून तिच्या संगं चार पावलं जावं आसं बी कुनाला वाटलं न्हाई. घरोघर कळश्या भरल्या हुत्या बरं का.

तवा राही कपारीतनं उठून आली. तिनं सासूचा हात धरला. "चला आत्याबाई. मी येते संगं."

पर ती झऱ्याकडं वळली न्हाई. माळाकडं वळली. उभ्या दुपारी, झळंच्या तळ्याकडं. पारावरच्या सगळ्यांनी बगितलं. कुनी हाक मारली न्हाई. वाटंत एकदा धुरपदा मागं वळून हसली म्हनं. तिला वाटलं, सून मस्करी करतीय.

दोगी मुंगीयेवढ्या झाल्या, आन मंग तेवढ्या बी उरल्या न्हाईत.

त्या वस्तीत म्होरं लेकरं जन्मली ती धा बोटांची, पर आयांनी त्येंच्या मुठी वळून शिकवलं. रस्ता दावायचा तर पायानं दावायचा, न्हाईतर दावायचा न्हाई.

आजही आखितीच्या दुपारी, पोळ्या झाल्या की आमच्या बाया गच्चीवर जात्यात. माळावर तळं भरतं, आन तळ्याच्या काठानं दोन बाया हात धरून चालताना दिसत्यात, आसं म्हनत्यात. म्होरची मागचीला वढती का मागची म्होरचीला सोडत न्हाई, ते हितनं कळत न्हाई. पोरं इचारत्यात, कुटं हाय, कुटं हाय? आया त्येंच्या मुठी वळून धरत्यात.

तुमास्नी बगायचं आसलं तर उठा. येते मी संगं, पार तितवर येते. पानी मातर तुमचं तुमी घ्या.