येसूचा रुसवा

हंसराजे महाराजांना स्वतःच्याच आईचा आवाज ऐकायला एका कंपनीची परवानगी मागावी लागली, तेव्हा चंदनगडच्या दरबारात मोठा पेच उभा राहिला.

दिवंगत मासाहेबांचं गाणं, बोलणं, रागावणं, सगळं रेकॉर्ड करून महाराजांनी दूरदेशीच्या त्या कंपनीच्या संगणकात ठेवलं होतं. आता खातं बंद झालं होतं आणि कंपनी विचारत होती, तुम्हीच राजे कशावरून? खातं बंद व्हायचं कारणही राजेशाहीच होतं. चंदनगडचा राजा स्वतः टाइप करत नसे. तो पासवर्ड भालदाराच्या कानात सांगे, भालदार तो बिरुदावलीसकट भर दरबारात ललकारे आणि मग कारकून टाइप करे. असा हा गुप्त पासवर्ड गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता! रोज कुणी ना कुणी आत डोकावून जाई. शेवटी कंपनीलाच संशय आला आणि तिने कुलूप ठोकलं.

पुष्कळ विनवण्या केल्यावर रेकॉर्डिंग एकदाचं परत मिळालं. संतापलेल्या महाराजांनी कंपनीकडचं खातं तिथल्या तिथे पुसून टाकलं आणि रेकॉर्डिंग कारकुनाच्या संगणकात ठेवून नवा पासवर्ड ललकारायला भालदाराला उभं केलं. वाड्यावर दूध घालायला आलेली येसू गवळण खुदकन हसली.

"हसतेस?" महाराज म्हणाले. "मग तूच बांध आमच्यासाठी कोठार. ते आमच्या वाड्यात असावं, पण वाडा बुडाला तरी आतलं जाऊ नये. त्याची घडण साऱ्या गावाला ठाऊक असावी, पण आतलं आमच्याशिवाय कुणाला कळू नये. आणि बांधणारा उद्या रुसून बसला तरी आमचं काही अडू नये. नाही जमलं, तर नदीकाठचं कुरण तुझ्या बापाच्या म्हशींना बंद!"

येसूचं हसू तिथेच मावळलं. कुरण गेलं की म्हशी गेल्या, आणि म्हशी गेल्या की घरची चूल गेली.

पण तालुक्याला जाऊन संगणक शिकलेली मुलगी ती. तिने वाड्याच्या अडगळीतून एक जुना संगणक काढला, धूळ झटकली आणि त्यावर मुक्त सॉफ्टवेअर चढवलं. म्हणजे असं, की ज्याची ओळ न् ओळ कुणीही वाचावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी. कोठार कसं उभारायचं, तेही तिने सोप्या मराठीत लिहून चावडीवर लावलं. ते वाचून दिवाण नारोपंत भडकलेच. ज्याची घडण चोरालाही ठाऊक ते कुलूप कसलं, असं त्यांचं म्हणणं.

"दिवाणजी," येसू म्हणाली, "दही कसं लावायचं ते साऱ्या गावाला ठावं हाय. म्हनून तुमच्या फडताळातलं दही कुनी खाऊन जातं व्हय? किल्ली तेवढी ज्याची त्याच्या कमरंला पायजे."

किल्ली म्हणजे पासवर्ड, आणि तो महाराजांनी स्वतः टाइप करायचा. महाराजांनी एका बोटाने, घाम पुसत पुसत, तो केला. भालदाराला तोवर भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. त्याला फार वाईट वाटलं. रेकॉर्डिंग कोठारात गेलं, कारकुनाकडचं पुसलं गेलं, आणि कुलूपबंद कोठाराची एक प्रत शेजारच्या गावी महाराजांच्या थोरल्या बहिणीकडे, आक्कासाहेबांकडे, रवाना झाली. आक्कासाहेबांनी ती लगेच उघडून पाहिली. आत नुसत्या मुंग्या चालल्यासारखी अगम्य अक्षरं! त्या चिडून झोपी गेल्या.

परीक्षेच्या दिवशी हट्टी महाराजांनी तो संगणक उचलून चक्क हौदात टाकायला लावला. वाडा बुडाला असं समजा, म्हणाले, आणि बोलवा येसूला.

शिपाई एकटाच परत आला. येसू रुसली आहे आणि येणार नाही म्हणते, असं त्याने चाचरत सांगितलं.

महाराजांनी हौदाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. नारोपंतांना मात्र उकळ्या फुटल्या. त्यांनी आजच कुरण बंद करायचा हुकूम मागितला.

"कुरण गेलं खड्ड्यात!" महाराज ओरडले. "आधी माझी आई परत आणा!"

आता करता काय? नारोपंतांनीच धोतराचा सोगा खोचला. आक्कासाहेबांकडून प्रत आणवली, कचेरीतला दुसरा संगणक मांडला आणि चावडीवरचं वाचत, पुटपुटत, चुकत, पुन्हा करत कोठार उभं केलं. महाराजांनी एका बोटाने पासवर्ड घातला.

"हंसू, जेवायच्या आधी हात धू. किती वेळा सांगायचं?"

मासाहेबांचा आवाज ऐकून अख्ख्या दरबाराने आपापले हात पाहिले. महाराज डोळे पुसत राहिले. मग त्यांनी येसूला निरोप धाडला, की काम तुझ्यावाचून झालं, आता तरी ये.

येसू आली.

"ऐन वेळी रुसायला काय झालं होतं गं?" महाराजांनी विचारलं.

"महाराज, अट तुमचीच हुती. बांधनारी रुसली तरी तुमचं अडू नये. मी धावत आले असते, तर ती अट पुरी कुनी केली असती?"

महाराज असे खदखदून हसले, की त्यांची पगडी तिरपी झाली.

"रुसलेल्या लेकीला रिकाम्या हाताने समजावत नाहीत," ते म्हणाले. "नारोपंत, नदीकाठचं कुरण येसूच्या नावावर करा. आणि टाइप तुम्हीच करा, आता तुम्हाला चांगलं येतं!"