शेजारणीची चूल

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा घरांना कुलपे नसत, आणि कोणाकडे काय शिजते आहे ते आळीला वासावरूनच कळे. अशाच एका आळीत राहीबाई कोष्टीण आणि तुळसाबाई तेलीण शेजारी राहत.

राहीबाईच्या छपराचे पाणी तुळसाबाईच्या अंगणात गळे. त्यावरून दोघी वर्षानुवर्षे भांडत आल्या होत्या. सकाळी भांडण व्हायचे आणि दुपारी वाटीभर कालवण इकडून तिकडे जायचे. आळीला त्याचे नवल नव्हते.

पुढे राहीबाईचा मुलगा दूरच्या शहरात कामाला लागला आणि आईला घेऊन गेला. "सुटलीस बाई," आळीतल्या बायका तुळसाबाईला म्हणाल्या. तीही हसली. पण शेजारच्या मागाचा आवाज थांबला, तशी तिची दुपार जाता जाईना.

त्या राज्यात एक नियम होता. ज्या घरात वर्षभर चूल पेटली नाही, ते घर राजाचे. वर्ष भरत आले, तसा गावचा कारभारी तुळसाबाईकडे आला.

"तुमचं घर लहान, माणसं फार. शेजारचं घर ओस पडलंय, एवढी साक्ष द्या. ते तुम्हालाच मिळवून देतो."

तिला मोह पडला. दोन मुलांच्या संसारांना तिचे घर पुरत नव्हते. "बघून सांगते," असे म्हणून ती कडी काढून राहीबाईच्या घरात शिरली.

आत सुताचा वास तसाच होता. तिच्या थोरल्याला गोवर आला तेव्हा बाकीचे शेजारी तिच्या दारातूनच परतले होते. राही मात्र त्याला इथे आणून याच कोपऱ्यात मांडीवर घेऊन बसली होती. तुळसाबाईचा नवरा गेला, त्या दिवशी पोरे इथेच जेवली होती. ती बराच वेळ भिंतीला टेकून बसली. मग उठली, घरून निखारा आणला आणि चूल पेटवली.

कारभाऱ्याने धूर पाहिला. "हे काय, बाई?"

"घर नांदतं आहे. राही येईपर्यंत चूल मी पेटवीन."

"आणि नाही आली तर?"

"तर मी आहे तोवर."

सुना कुरकुरल्या. तुळसाबाईने ऐकून घेतले, पण एक सकाळ चुकवली नाही.

एका उन्हाळ्यात राहीबाई परतली. शहरात तिचा जीव रमला नव्हता. घर गेलेच असणार, धर्मशाळेत पडून राहू, असे ठरवूनच ती आली होती. आपल्या छपरातून धूर निघताना पाहून तिला वाटले, दुसरेच कोणी राहते आहे. ती दाराशीच थबकली.

आत तुळसाबाई चूल फुंकत होती. तिने मान वळवली. "उभी का? ये आत. घर तुझंच आहे."

राहीबाई उंबऱ्यावरच बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

थोड्याच दिवसांत तिने तुळसाबाईच्या थोरल्या मुलाला बायकापोरांसह आपल्याकडे राहायला बोलावले. "एवढं घर मला एकटीला काय करायचंय?" ती म्हणाली. मग दुपारी दोघी म्हाताऱ्या ओसरीवर बसत, आणि आळी सोडून गेलेल्या एकेका माणसाची आठवण काढत. भोवती नातवंडे खेळत असत.

तात्पर्य: शेजाऱ्याच्या माघारी जो त्याचे घर राखतो, त्याला स्वतःला जागा कधी कमी पडत नाही.