कुलूपबंद टाकीतलं पाणी

एकदा एक चुरमुऱ्यांचा व्यापारी आपला जुना टेम्पो ट्रॅक्टरला बांधून घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रीच्या दारी आला. या मिस्त्रीला सगळा मुलूख वस्ताद म्हणत असे. यंत्राची पारख असणारे पुष्कळ असतात. वस्तादांना यंत्र चालवणाऱ्या माणसाचीही पारख होती, म्हणून गाडी दुरुस्त झाली तरी लोक त्यांच्याजवळ घटकाभर बसून राहत.

व्यापाऱ्याबरोबर त्याचा ड्रायव्हर होता, भिकाजी नावाचा. तो ट्रॅक्टरवरून उतरला आणि लांब भिंतीला टेकून उभा राहिला. शेट मात्र हातातली काठी नाचवीत थेट आत आले.

"वस्ताद, टेम्पोचं मागून बघा. आधी मला एवढं सांगा, माझ्या डिझेलात पाणी कोण घालतं?"

"कुणीतरी घालतं, असं कोण म्हणतं?"

"मी म्हणतो! हा भिक्या डिझेल काढून विकतो आणि त्या जागी पाणी ओततो. काल ऐन चढावर गाडी बंद पडली. मागं घसरली. चाक कठड्याच्या दगडाला अडलं म्हणून बरं, नाहीतर हा, माझे हमाल आणि सगळी पोती दरीत होती. तुम्ही नुसतं हो म्हणा, याला आत्ताच्या आत्ता चौकीवर नेतो."

"शेट," भिंतीपासून भिकाजी म्हणाला, "दरीत पहिला मीच गेलो असतो. मी बसतो त्या गाडीत मीच पाणी घालीन होय?"

"याच्या आधीचा ड्रायव्हरही असाच गोड बोलायचा," शेट वस्तादांना म्हणाले.

याच्या आधीचा, आणि त्याच्याही आधीचा. शेटनी एकेकाला चोर ठरवून घालवलं होतं. आता पाळी भिकाजीची होती. चोर म्हणून नाव झालं की त्या बाजारपेठेत कुणी पुन्हा त्याच्या हातात गाडी दिली नसती, आणि गाडीखेरीज दुसरी विद्या त्याला येत नव्हती.

वस्तादांचा एक शिष्य होता, सुदाम. हाताचा कुशल, पण निष्कर्षाला घाई करणारा. त्यानं फिल्टर उघडला. आत तांबडा गाळ आणि पाणी. ते बघताच सुदाम भिकाजीजवळून उगाच एक फेरी मारून आला आणि गुरूच्या कानाशी लागला.

"वस्ताद, त्याच्या सदऱ्याला डिझेलचा वास येतोय."

"तुझ्या सदऱ्याला कशाचा येतो रे? मोगऱ्याचा?"

सुदाम फिल्टर पुसू लागला, पण त्याची शंका काही पुसली गेली नाही.

वस्ताद टाकीपाशी वाकले. टाकीच्या झाकणाला कुलूप होतं.

"किल्ली?"

"माझ्याकडे," शेटनी कमरेला हात लावला. "सकाळी मी स्वतः डिझेल घालतो. जाऊन येण्यापुरतंच. संध्याकाळी ही काठी आत घालून बघतो. टाकी कोरडी असली की मग मला झोप लागते."

"कुलूप तुमचं, किल्ली तुमची. आणि आत काही उरतच नाही. मग तो चोरतो काय?"

"वाटेत काढत असेल. दुसरी किल्ली करून घेतली असेल. या लोकांचं काही सांगता येतं का?"

वस्तादांनी मान हलवली. होकार की नकार, ते कुणाला कळलं नाही. मग ते म्हणाले, "ठीक आहे. पाणी घालणारा मी उद्या सकाळी तुम्हाला धरून देतो. पण मी सांगेन तसं करायचं."

त्यांच्या सांगण्यावरून सुदामनं टाकी उतरवली. आत रॉकेल आणि मूठभर जुने नट टाकून खळाखळा हलवली. लाल चिखल बाहेर आला. पुन्हा धुतली, पुन्हा हलवली, आणि दुपारभर उन्हात तापत ठेवली. उन्हं कलताना वस्तादांनी शेटच्या काठीला एक पांढरं फडकं गुंडाळलं आणि ती आत सगळीकडून फिरवायला सांगितली. फडकं कोरडं आलं.

"आता कुलूप लावा. टाकी तुमच्या घरी न्या, अंगणात ठेवा आणि तुम्हीच राखण करा. भिकाजी इथं माझ्याकडे राहील."

शेटचे डोळे बारीक झाले. "याला इथं कशाला ठेवून घेता? तुमचं दोघांचं काही ठरलंय का?"

"ठरलं असेल तरी टाकी तुमच्यापाशी आहे ना?" वस्ताद शांतपणे म्हणाले.

शेट टाकी घेऊन गेले. हा प्रकार काही सुदामच्या पचनी पडेना. गाडी इथं, टाकी तिथं, आणि ज्याच्यावर आळ तो वस्तादांच्या पंगतीला भाकरी खात बसलेला! म्हाताऱ्याला कुणी फितवलं तर नाही ना, असाही एक विचार त्याच्या मनाला चाटून गेला. भिकाजीला रात्री बाहेर पडता येऊ नये म्हणून निजताना त्यानं आपलं अंथरूण दारातच घातलं.

थंडीचे दिवस होते. सकाळी धुकं विरायच्या आत शेट टाकी घेऊन हजर झाले. डोळे तारवटलेले.

"कुणी आलं नाही," ते म्हणाले. "शेजारी खाट टाकून पडलो होतो. मांजरसुद्धा फिरकलं नाही."

"कुलूप बघा."

"जसंच्या तसं आहे."

"मग उघडा, आणि काठी फिरवा."

शेटनी नवं फडकं गुंडाळून काठी आत फिरवली आणि बाहेर काढली. फडकं ओलसर होतं. कडेला तांबूस डाग उमटले होते.

शेटनी फडक्याकडे पाहिलं. कुलपाकडे पाहिलं. भिकाजीकडे, सुदामकडे, आणि शेवटी वस्तादांकडे पाहिलं.

"तुम्हीच काहीतरी केलंत."

"मी इथं होतो, शेट."

"मग..." शेट अडखळले. त्यांचा आवाज खाली आला. "पहाटे माझा मुलगा उठला होता. अंगणात गेला होता. त्यानं तर..."

आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. ते मध्येच थांबले.

"शेट, आता हा आळ घरात नेऊ नका," वस्ताद म्हणाले. त्यांनी एक जुना टायर पुढं ओढला आणि शेटना त्यावर बसवलं. "ऐका. टाकी रिकामी असते, असं आपण म्हणतो. ती रिकामी नसते, तिच्यात हवा असते. त्या हवेत दमटपणा असतो. रात्री पत्रा गार पडला की त्याचं आतून दव धरतं. तुमच्या छपरावर धरतं ना, तसंच. एका रात्रीत फडकं ओलं होण्याइतकं. पण रोजचं ते दव तळाला साचतं, पत्र्याला गंज चढतो, तो गंज नळीत उतरतो, आणि चढावर गाडीचा श्वास कोंडतो. टाकी भरलेली असती तर हवेला आत जागाच उरली नसती. तुम्ही चोराच्या भयानं ती रोज कोरडी ठेवलीत. हे पाणी भिकाजीनं घातलं नाही. त्याच्या आधीच्यांनीही घातलं नाही. ते तुमच्या संशयानं घातलं."

शेटनी काठीवरचं फडकं सोडलं. मग म्हणाले, "असं करा, नवी टाकी बसवा."

"बसवतो की. पण तीही रोज कोरडी ठेवलीत तर तीही गंजेल. हिचा पत्रा गंजानं एक-दोन ठिकाणी खाल्लाय, तिथं झाळ देतो, अजून पुष्कळ चालेल. तुम्ही फक्त रोज संध्याकाळी भरून ठेवत जा."

"आणि कुणी काढून घेतलं तर?"

"भरलेल्यातलं काढलं तर उणं झालेलं दिसतं, शेट. कोरड्या टाकीत चोर दिसत नाही आणि सज्जनही दिसत नाही."

दुपारपर्यंत झाळ देऊन टाकी बसवून झाली. इंजिन पहिल्याच हाकेला उठलं. शेट म्हणाले, "चल भिकाजी." भिकाजी मात्र जागचा हलला नाही.

"चुरमुऱ्यांच्या भट्टीवर सगळ्या हमालांसमोर मला चोर म्हणालात, शेट. इथं वस्तादांसमोर चल म्हणता. तिकडची माणसं कशी ऐकणार हे?"

"मग काय पत्रक छापू?"

"छापू नका. बोला."

वस्तादांनी सुदामला गाडी घेऊन त्या दोघांसोबत धाडलं. भट्टीवर हमाल पोती शिवत होते. शेट मध्ये जाऊन उभे राहिले. घसा खाकरला. "भिकाजीनं पाणी घातलं नव्हतं," ते म्हणाले. नंतर थोड्या वेळानं म्हणाले, "आधीच्यांनीही नव्हतं."

एका म्हाताऱ्या हमालानं दाभण पोत्यात तसाच ठेवून विचारलं, "मग कुणी हो घातलं, शेट?"

भट्टीत चुरमुरे तडतडत होते.

"मीच," शेट म्हणाले.

भिकाजीनं मान हलवली, सुदामच्या हातून गाडी घेतली आणि पोती भरायला मागं लावली.

सुदाम परत आला आणि सगळी हकीकत सांगून म्हणाला, "वस्ताद, शेटनी टाकी काठोकाठ भरली. मी डोळ्यांनी पाहिलं. पण भिकाजी अजून त्यांच्या तोंडाकडे बघत नाही. आता गंज तर सगळा निघाला ना?"

वस्ताद हात पुसत होते.

"गंज निघाला, बाळा. पण गंजानं खाल्लेला पत्रा परत येत नाही. तेवढ्या जागी तो पातळच राहतो. पातळ पत्राही पुष्कळ वर्षं टिकतो, नाही असं नाही. फक्त त्याच्यावर हात हलका ठेवावा लागतो."

दुसऱ्या दिवशी भिकाजी हवा भरून घ्यायला आला, तेव्हा सुदामनं आपण होऊन त्याच्यासाठी चहा सांगितला. हवा भरून होईपर्यंत तो चहा निवाला, तेव्हा दुसरा सांगितला.